गाभ राहिला होता, पण पाऊस आला

गुरांच्या डॉक्टरनं सुट्टी काढायची आणि पुन्हा जनावरंच बघायला जायचं, याचं आमच्या घरी कुणाला नवल वाटलं नाही. प्रश्न होता बरोबर कोण येणार. नवऱ्याची मार्चअखेर जवळ आलेली, मुलाची परीक्षा. शेवटी वन्सं तयार झाल्या. माझ्या थोरल्या नणंदबाई, बँकेतून निवृत्त, हिशोबाला पक्क्या आणि बोलायला फटकळ. "सिंह दिसणार असेल तर येते," म्हणाल्या. मला सिंहाचं तेवढं काही नव्हतं. मला केनियातल्या ओल पेजेटा अभयारण्यात जाऊन नाजिन आणि फातू बघायच्या होत्या. उत्तरी पांढरा गेंडा म्हणून जो काही प्राणी जगात उरलाय तो एवढाच, एक आई आणि तिची लेक. दोघींपैकी एकीलाही आता पिल्लू होऊ शकत नाही, तरी त्यांचा वंश पुढे न्यायचा खटाटोप चालू आहे. त्या खटाटोपातली अर्धी कामं मी रोज कुणाच्या ना कुणाच्या गोठ्यात करत असते. म्हणून हा प्रवास, फेब्रुवारी २०२५ मधला.

रविवार, नैरोबी आणि मुगुगा

मुंबई ते नैरोबी सहा तास, घड्याळ अडीच तास मागे. बाकी विमानाबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. पण निघायच्या आधीच्या दोन-तीन गोष्टी सांगून टाकते. पीतज्वराची लस निदान दहा दिवस आधी घ्या. ती ठरावीक सरकारमान्य केंद्रांवरच मिळते. तिथं जे पिवळं कार्ड देतात ते जिवापाड जपा, कारण खरी गरज परतताना पडते. कार्ड नसेल तर भारतात उतरल्यावर विलगीकरणात टाकू शकतात. व्हिसा २०२४ पासून नाही, ऑनलाइन प्रवास-परवानगी काढायची. आणि प्लास्टिकच्या कॅरीबॅगांवर तिथं २०१७ पासून कडक बंदी आहे. वन्संनी चिवडा कॅरीबॅगेत बांधून घेतला होता, तो मी निघायच्या रात्री डब्यांत काढायला लावला. त्या अजून बोलून दाखवतात.

परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातला माझा एक वर्गमित्र बरीच वर्षं नैरोबीत आहे. पार्कलँड्समध्ये त्याच्या घरी जेवलो. ताटात सुकुमा विकीची, म्हणजे तिथल्या एका हिरव्या पालेभाजीची, लसणावर परतून वर दाण्याचं कूट घातलेली भाजी. वन्संनी दोनदा घेतली आणि बी मिळेल का विचारलं.

दुपारी त्यानं आम्हाला लिमुरूच्या बाजूनं रिफ्ट व्हॅली दाखवायला नेलं. दरी भव्यच आहे, फोटो सगळ्यांनी पाहिलेत. माझ्या लक्षात राहिला तो वाटेतला मुगुगा. चहाचे मळे, उंच निलगिरी, थंड वारा आणि रस्त्याला समांतर जाणारं कुंपण. मित्रानं गाडी हळू केली. "बुळकांडी इथं मेली," म्हणाला.

बुळकांडी, म्हणजे गुरांचा जीवघेणा साथीचा रोग, माझ्या पिढीनं फक्त पुस्तकात वाचली. आमच्या आधीच्या डॉक्टरांची उमर तिच्या लशी टोचण्यात गेली. गावंच्या गावं गुरांविना व्हायची. भारतात ती शेवटची आढळली १९९५ मध्ये, आणि जगातून गेल्याचं जाहीर झालं २०११ मध्ये. देवीनंतर माणसानं मुळापासून घालवलेला हा दुसरा रोग. ज्या लशीच्या जोरावर ते जमलं ती वॉल्टर प्लोराइट यांनी मुगुग्याच्या प्रयोगशाळेत १९६० च्या आसपास सिद्ध केली. वासराच्या मूत्रपिंडाच्या पेशींवर विषाणू वाढवायचा, तिथून काढून पुन्हा नव्या पेशींवर, पुन्हा नव्या. असं करत करत त्याचा जोर एवढा कमी झाला की तो रोग देईना, पण प्रतिकारशक्ती मात्र देऊ लागला. १९९९ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला.

दरीच्या काठावर भाजलेली कणसं खाता खाता मित्रानं पुढची गोष्ट सांगितली. वन्सं ती लक्ष देऊन ऐकत होत्या, म्हणून इथं देते. १८९० च्या दशकात बुळकांडी पूर्व आफ्रिकेत शिरली आणि दहातली आठ-नऊ गुरं मेली. बरोबर रानरेडे गेले, विल्डबीस्ट, म्हणजे गाईसारखी दिसणारी मोठी हरणं, गेली. पुढं कित्येक दशकं सेरेंगेटीत विल्डबीस्टची वर्षभराची वासरं मरत राहिली. आईच्या दुधातून मिळालेलं संरक्षण संपलं की बुळकांडी त्यांना गाठायची. मग आसपासच्या मसाई लोकांच्या गुरांना लस टोचली गेली. रानातल्या एकाही जनावराला टोचलं नाही, तरी रानातला रोग थांबला. १९६० च्या सुमाराला अडीच लाखांच्या घरात असलेले विल्डबीस्ट पुढच्या पंधरा-वीस वर्षांत बारा लाखांच्या वर गेले. आपले लोक लाखो रुपये खर्चून जे स्थलांतर बघायला जातात, तो एवढा मोठा कळप या लशीमुळे आहे.

"म्हणजे सुई टोचली गाईला आणि वाढलं ते रान?" वन्सं.

"हो."

"आणि तुला इथं त्या लसवाल्यांच्या नावाचा फलक लावावासा वाटला नाही?" हे मित्राला. जणू तोच तिथला सरपंच.

सोमवार, नन्युकीचा रस्ता

नैरोबीहून नन्युकी साधारण २०० किलोमीटर. चार तास धरा. थिका ओलांडलं की अननसाची शेतं, पुढं मकुतानोजवळ रस्त्याच्या दोन्ही बाजूंना म्वेआच्या तांदळाची दुकानं. लांबट, सुवासिक दाणा. वन्संनी गाडी थांबवून मूठभर तांदूळ तळहातावर घेतले, वास घेतला, दातानं एक दाणा फोडला. "नवा आहे. भात चिकट होईल," असा निकाल मराठीत दिला. दुकानदारीणबाईंना तो कळला असावा, कारण त्यांनी मागं जाऊन दुसरं पोतं आणलं.

करातिनाला चहा आणि चपाती. तिथली चपाती पदर सुटणारी, तेलकट, आपल्या घडीच्या पोळीपेक्षा जाड. चहा दुधातच उकळतात. आपल्या माणसाला जेवणाचा त्रास या देशात होत नाही. मका आणि राजमा एकत्र शिजवलेलं गिथेरी कुठंही मिळतं, शाकाहारी आहे आणि पोट भरतं. उगाली, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, मात्र मला जमली नाही. वन्संना जमली.

नन्युकीच्या आधी विषुववृत्ताचा पिवळा फलक येतो. तिथं भोक पाडलेलं भांडं घेऊन काही जण उभे असतात. रेषेच्या उत्तरेला पाणी एका दिशेनं फिरतं, दक्षिणेला उलट, बरोबर रेषेवर फिरतच नाही, असं करून दाखवतात. बघायला मजा येते, पण पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम वाटीभर पाण्यावर आणि तोही वीस पावलांत होत नसतो. पाणी कसं ओतलं यावर ते फिरतं. वन्संनी प्रमाणपत्राचे पैसे दिले नाहीत, करमणुकीचे दिले.

मंगळवार, नाजिन आणि फातू

ओल पेजेटा सुमारे ९०,००० एकरांचं. समुद्रसपाटीपासून १,८०० मीटरच्या आसपास, म्हणून विषुववृत्तावर असूनही पहाटे स्वेटर लागतो. माउंट केनिया सकाळी साडेसातपर्यंतच नीट दिसतो, मग ढग बसतात. पर्यटकांसाठी एक सूचना: नाजिन-फातूंच्या आवारात जायला प्रवेशशुल्कापेक्षा वेगळे पैसे पडतात, वेळ ठरलेली असते आणि एका वेळी मोजकीच माणसं सोडतात. आधी आरक्षण केलेलं बरं. दर बदलत राहतात, त्यामुळे आकडा देत नाही.

आवार ७०० एकरांचं, विजेचं कुंपण, रात्रंदिवस बंदूकधारी पहारा. आम्ही राखणदाराच्या गाडीतून आत गेलो आणि गाडी थांबली तेव्हा फातू आमच्यापासून चार-पाच हातांवर चरत होती.

आधी ऐकू आली, मग नीट दिसली. गवत मुळाशी तुटतानाचा करकर आवाज सलग, मध्ये कुठं खंड नाही. रुंद चौकोनी ओठ जमिनीला चिकटवून ती डावीकडून उजवीकडे गवत कापत जात होती आणि दर श्वासाला नाकपुडीखालची धूळ उडत होती. कान दोन दिशांना वेगवेगळे फिरत होते, कडांना केसांची झालर. शिंग सुरक्षेसाठी कापून बोथट केलेलं. मी सवयीनं आधी मागच्या मांड्यांच्या घड्यांत आणि शेपटीखाली गोचीड शोधले. होते दोन-चार. फार नव्हते. अंग भरलेलं, बरगडी दिसत नाही, शेण घट्ट. गोठ्यात अशी म्हैस असती तर मालकाला शाबासकी देऊन पुढच्या घरी गेले असते.

नाजिन लांब बाभळीच्या सावलीत बसली होती. ती १९८९ ची, फातू २००० ची. दोघी जन्मल्या चेक प्रजासत्ताकातल्या द्वूर क्रालोवेच्या प्राणिसंग्रहालयात. डिसेंबर २००९ मध्ये सुदान आणि सुनी या दोन नरांसह त्यांना इथं आणलं. मोकळं रान, आफ्रिकेचं ऊन, यानं तरी त्या गाभण राहतील अशी आशा. राहिल्या नाहीत. सुनी २०१४ मध्ये गेला. सुदान, नाजिनचा बाप, १९ मार्च २०१८ ला.

नाजिन उठली तेव्हा कारण कळलं. मागचे पाय तिला नीट साथ देत नाहीत. गेंडिणीचा गाभ सोळा महिन्यांचा, तो भार हे पाय पेलणार नाहीत. शिवाय पोटात गाठ आहे. फातूचे पाय धडधाकट आहेत, पण गर्भाशयाचं अस्तर बिघडलंय. बर्लिनच्या लायब्निझ संस्थेतल्या संशोधकांनी प्राणिसंग्रहालयांतल्या गेंडिणी आणि हत्तिणी वर्षानुवर्षं तपासून हे दाखवून दिलंय: पाळीमागून पाळी रिकामी गेली की गर्भाशयात गाठी धरतात, अंडाशय अकाली थकतं. ज्या माद्यांना वेळेवर पिल्लं झाली त्यांचं असं होत नाही. आमच्याकडे "कालवड भरवायची लांबवू नका" म्हणून जे डोकं फोडतो त्याच्या शेजारचीच ही गोष्ट आहे.

मग राहतो एकच मार्ग. बीज फातूचं, रेत मेलेल्या नराचं, पोट दुसरीचं.

या ठिकाणी मी राखणदाराला प्रश्नांनी भंडावून सोडलं. गाय तपासताना आम्ही गुदद्वारातून हात घालतो आणि अंडाशय चक्क बोटांत धरतो. गेंडिणीचं अंडाशय एवढं आत की कुणाचाही हात पुरत नाही. म्हणून बर्लिनच्या त्याच संस्थेतल्या थॉमस हिल्डेब्रांट आणि त्यांच्या चमूनं हातापेक्षा कितीतरी लांब असं उपकरण बनवलं. टोकाला सोनोग्राफी, तिच्या बाजूनं सुई. गेंडीण भुलीखाली. सुई आतड्याच्या भिंतीतून अंडाशयात जाते आणि एकेका पुटकातलं, म्हणजे बीजाच्या पिशवीतलं, बीज ओढून घेते. बाजूलाच मोठी रक्तवाहिनी. सुई जरा हलली तर जनावर जागच्या जागी दगावेल. २२ ऑगस्ट २०१९ ला इथंच दोघींची मिळून १० बीजं पहिल्यांदा काढली. ती लगेच विमानानं इटलीत क्रेमोनाच्या प्रयोगशाळेत. तिथं एका बीजात एक शुक्राणू सुईनं सोडायचा, भ्रूण तयार झाला की द्रवरूप नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांवर. नाजिनला २०२१ मध्ये या कामातून मोकळं केलं, वय आणि धोका बघून. आतापर्यंत तीसच्या वर भ्रूण साठलेत, सगळे फातूच्या बीजाचे.

उणे १९६ हा आकडा ऐकून मला उरळी कांचन आठवलं. तिथल्या बाएफ या संस्थेच्या गोठित रेतमात्रांच्या कांड्यांवर महाराष्ट्रातल्या कितीतरी गोठ्यांची दुधाची धार उभी राहिली. माझ्या जीपमध्ये तोच नायट्रोजनचा कंटेनर खडखडत असतो. हे राखणदाराला सांगितल्यावर त्यानं विचारलं, "मग आजवर किती गाई गाभण केल्यात?"

"मोजल्या नाहीत."

"आम्ही इथं एकच मोजतोय," तो म्हणाला आणि हसला. वन्सं हसल्या नाहीत. परतताना त्यांनी मनातलं विचारलं. "एवढा पैसा एका पिल्लासाठी? तेवढ्यात किती जंगल राखता आलं असतं?"

हा प्रश्न जगभरचे शहाणे लोकही विचारतात आणि मी अर्धी वन्संच्या बाजूची आहे. हे गेंडे ज्या सुदान-काँगोच्या पट्ट्यात होते तिथल्या युद्धांनी आणि शिंगांच्या चोरट्या शिकारीनं ते संपवले, गर्भाशयाच्या आजारानं नाही. एका आईच्या तीस भ्रूणांवर कळपही उभा राहत नाही. म्हणून तर अमेरिकेत सॅन दिएगोत जपून ठेवलेल्या बारा उत्तरी गेंड्यांच्या पेशी आणि जपानच्या कात्सुहिको हायाशींचं त्वचेच्या पेशींपासून बीज बनवण्याचं काम महत्त्वाचं. पण सुमात्रातले गेंडे आता पन्नासच्या आत आलेत. त्यांच्यासाठी हीच सुई, हेच तंत्र लागणार आहे. शिकायचं तर कुठल्यातरी जनावरावर शिकावंच लागतं. वन्सं म्हणाल्या, "हं." बँकेत कर्ज नामंजूर करायच्या आधी त्या असंच म्हणत असाव्यात.

बुधवार, काळी माती

ओल पेजेटात रानाबरोबर गुरंही आहेत, हजारोंनी. बोरान जातीची. पांढरट, ठेंगणी, वशिंड भरघोस, गळ्याखालची पोळी लोंबती. रात्री त्यांना लोखंडी फाळक्यांच्या हलत्या वाड्यात कोंडतात, सिंहांपासून राखायला. काही दिवसांनी वाडा उचलून दुसरीकडे. जुन्या जागेवर शेणानं जे गवत उगवतं त्यावर झेब्रे आणि हरणं येऊन बसतात. गुराख्यानं एका गाईचा कान उलटून दाखवला, आत गोचीड नव्हता. ठरलेल्या दिवशी फवारणी होतेच. इथं गोचिडातून थायलेरिया या परजीवीचा जो ताप येतो त्याला ईस्ट कोस्ट फीवर म्हणतात आणि रानरेडे त्याचे वाहक, स्वतः ठणठणीत. आपल्याकडच्या संकरित गाईंना होणाऱ्या थायलेरियाचा हा जहाल भाऊ. यावरची लसही मुगुग्याचीच. जिवंत रोगजंतू टोचायचे आणि बरोबरच प्रतिजैविक द्यायचं. वाचलं होतं तेव्हा धाडसी वाटलं होतं, गुराखी ते नेहमीचं असल्यासारखं सांगत होता.

त्याच्याशी बोलताना पायाखाली बघितलं तर भेगाळलेली काळी माती. आपल्या सोलापूर-लातूरकडची असावी तशी. उन्हात दगड, पावसात चिकटा. आणि मग ज्या गोष्टीसाठी मी खरं तर एवढ्या लांब आले होते ती डोळ्यासमोर उभी राहिली.

उत्तरी भ्रूण मोजकेच, म्हणून आधी दक्षिणी पांढऱ्या गेंड्याच्या भ्रूणांवर तालीम करायची ठरली. दक्षिणी गेंडे एकेकाळी शंभरच्या आत आले होते, पण आता हजारोंनी आहेत. कुरा नावाची दक्षिणी मादी निवडली. ती माजावर कधी येते हे यंत्राला कळत नाही. त्यासाठी एक वळू ठेवला होता, वंध्य केलेला. तो मादीच्या मागं लागला, वर चढला की माज धरायचा आणि तिथून दिवस मोजायचे. आमच्याकडे मोठ्या फार्मवर हेच करतात, त्याला टीझर म्हणतात. तिथंही टीझरच म्हणतात. २४ सप्टेंबर २०२३ ला कुराच्या गर्भाशयात दोन भ्रूण ठेवले.

नोव्हेंबरात पाऊस आला. केनियात त्या वर्षी पूर आले, आवारात पाणी साचलं. आधी तो वळू मेला. मग कुरा. मातीत वर्षानुवर्षं बीजाणू होऊन पडून राहणारे क्लॉस्ट्रिडियम जंतू पाण्यानं वर आले होते. शवविच्छेदन करताना कुराच्या गर्भाशयात ६.४ सेंटीमीटरचा नर गर्भ सापडला. वय ७० दिवस, हातपाय आकाराला आलेले. डीएनए तपासला, तो भ्रूण प्रत्यारोपणाचाच होता. जगात गेंड्यात पहिल्यांदाच असा गाभ राहिला होता, आणि ते कळलं आई मेल्यावर. जानेवारी २०२४ मध्ये बर्लिनला हे जाहीर झालं, यश म्हणून. तांत्रिकदृष्ट्या ते यशच आहे. त्यानंतर उत्तरी भ्रूण ठेवायचेही प्रयत्न सुरू झाले. आम्ही गेलो तोवर गाभ टिकल्याची बातमी नव्हती.

ती बातमी मी पहिल्यांदा वाचली तेव्हा दवाखान्यात फऱ्या या गुरांच्या रोगाचं रजिस्टर भरत होते. फऱ्या हा क्लॉस्ट्रिडियमच्याच कुळातला. चांगली तरणी, अंगानं भरलेली कालवड संध्याकाळी लंगडते, मांडीच्या फऱ्यावर दाबलं तर चरचर आवाज येतो, सकाळी गेलेली असते. पहिल्या पावसानंतर, खोलगट चराईत, काळ्या मातीत. म्हणून आम्ही मे महिन्यातच गुरांच्या घटसर्प-फऱ्याच्या लशी घेऊन वाड्यावस्त्यांवर फिरतो. केनियातल्या लोकांना हे ठाऊक नव्हतं असं मला अजिबात म्हणायचं नाही. गाईला कुठली लस किती द्यायची हे शंभर वर्षांत ठरलंय, गेंड्याचं तसं ठरलेलं नाही, आणि असा पाऊसही रोज पडत नाही. पण प्रजननाचे डॉक्टर वेगळे, रोगाचे डॉक्टर वेगळे, ही जी वाटणी मोठ्या संस्थांत असते ती गोठ्यात कधीच नसते. गाय उलटली, म्हणजे रेतन करूनही गाभण राहिली नाही, तर मी आधी गोठ्याची ओल बघते. अंडाशय नंतर.

गुराख्याला मी विचारलं, त्या पावसात तुमची किती गेली? "पाणी साचतं तिथून आधीच हलवली होती," एवढंच म्हणाला.

गुरुवार, नदीच्या अलीकडे-पलीकडे

एवासो न्यिरो नदीच्या काठी स्वीटवॉटर्सचं चिंपँझी केंद्र आहे, १९९३ पासूनचं. चोरट्या व्यापारातून सोडवलेली अनाथ जनावरं इथं राहतात. चिंपँझी केनियातले नव्हेतच, त्यामुळे इथं पैदास होऊ देत नाहीत, माद्यांना गर्भनिरोधक दिलं जातं. एकाच अभयारण्यात एकीकडे गाभ राहावा म्हणून जगभरचे डॉक्टर जमलेत आणि दुसरीकडे राहू नये म्हणून औषध. वन्संनी ते ऐकून कपाळाला हात लावला, पण कारण पटलं त्यांना. सर्दी-खोकला असेल तर या केंद्रात जाऊ नका. आपले श्वसनाचे रोग चिंपँझींना सहज लागतात आणि त्यांना ते जड जातात.

दुपारी गेंड्यांच्या कबरी. एका झाडाभोवती दगडांचे छोटे ढीग, प्रत्येकावर नाव आणि कसा मेला ते. बहुतेक शिकारीत. कितीतरी दगडांवर वाचलं, मारला, शिंग नेलं. सुदानच्या नावापुढे तसलं काही नाही. तो म्हातारपणानं आणि आजारानं गेला. त्या ओळींत तो वेगळा उठून दिसतो. वन्संनी इथं बराच वेळ काढला. परवाचा "हं" परत घेतला नाही, पण पुढं मांडलाही नाही.

सिंह संध्याकाळी दिसला. सिंहीण, खरं तर. शिट्टी वाजवणाऱ्या बाभळीच्या झुडपात. या बाभळीच्या फुगीर काट्यांत मुंग्या राहतात आणि हत्तीला त्या झाडाला तोंड लावू देत नाहीत. बाहेरून आलेल्या मोठ्या डोक्याच्या मुंग्यांनी या मुंग्या मारल्या, हत्तींनी झाडं मोडली, आडोसा गेल्यावर सिंहांना झेबरे मारणं अवघड झालं आणि ते रानरेड्यांकडे वळले. हे सगळं याच अभयारण्यात अभ्यासून २०२४ मध्ये प्रसिद्ध झालंय. वन्सं म्हणाल्या, मुंगीचं नंतर सांग, आता गप्प बस. त्यांनी पंचवीसेक मिनिटं दुर्बीण सोडली नाही.

शुक्रवार, नन्युकीचं दुकान

परतीच्या दिवशी विमान रात्री, हातात सकाळ होती. नन्युकीच्या बाजारात मी अ‍ॅग्रोवेटचं दुकान शोधलं. खेड्यापाड्यांत इथं गुरांचं औषध, बी-बियाणं, कोंबड्यांची पिल्लं एकाच छताखाली मिळतं. तुम्ही शेतकरी असाल किंवा आमच्या धंद्यातले, तर सफारीच्या एका फेरीऐवजी अशा दुकानात तासभर बसा, देश जास्त कळतो. रोख रक्कम फार बाळगू नका, तिथं सगळा व्यवहार मोबाईलवरच्या एम-पेसानं चालतो. पर्यटकाला कार्ड आणि थोडे शिलिंग पुरतात. आणि तीन चौकोनी पिनांचा प्लग न्या.

काउंटरवर एक तरुण बाई, पाठीला बाळ बांधलेलं. मी स्वतःची ओळख सांगितली तशी तिनं फ्रिज उघडून बाटल्याच समोर मांडल्या. त्यात ब्लॅन्थॅक्स होती. काळपुळी आणि फऱ्या दोन्हींवर एकच लस, केनियातच बनते. आमच्याकडे या दोन लशी वेगवेगळ्या टोचतो. बाटली हातात घेऊन मी तापमानाची पट्टी, मुदत, मात्रा सगळं वाचून काढलं. बाई बघत राहिली.

"लोक कधी नेतात?" मी विचारलं.

"मार्चच्या आधी न्यायला पाहिजे. पण पाऊस पडायला लागला, एखादं जनावर मेलं, की मग रांग. त्याच्या आधी दुकानात माशी नसते."

ते मी वन्संना मराठीत सांगितलं. त्या म्हणाल्या, "ही तुझ्याच तालुक्यातली दिसते."

मग आम्ही दोघींनी वेळापत्रकं ताडून पाहिली. आमचा मे, त्यांचा फेब्रुवारी आणि सप्टेंबर. तिनं माझ्याकडून घटसर्पाबद्दल विचारून घेतलं, मी तिच्याकडून मुगुग्याच्या थायलेरियावरच्या लशीची नायट्रोजनमधली वाहतूक खेड्यात कशी करतात ते. दहा मिनिटांत सगळं उरकलं असतं, पण तोवर वन्संनी शेजारच्या काउंटरवर गोचिडाच्या औषधाच्या भावावर घासाघीस सुरू केली होती, घरी एकही जनावर नसताना.